कार्ल आणि आमचं टाकलेलं आडनाव

आमच्या घराला आडनाव नव्हतं. बाबांनी ते माझ्या जन्माआधीच टाकलं होतं. आडनाव विचारणं म्हणजे जात विचारणं, असं पत्रक काढून त्यांनी ते पुण्यात चौकाचौकांत वाटलं होतं. मी वाचायला शिकले ती असल्याच पत्रकांवर. पासपोर्टवर माझ्या नावापुढे बाबांचं नाव आहे, बस.

सिडनीला युनिव्हर्सिटीत इतिहास शिकताना कॅरोलिंजियन भेटले. मध्ययुगातलं, फ्रँक लोकांचं राजघराणं. त्याचं नाव 'कार्ल'वरून पडलं, आणि कार्ल म्हणजे मुळात नुसता माणूस, कुणाचा गुलाम नसलेला साधा माणूस. त्यांच्यातला एक कार्ल एवढा मोठा सम्राट झाला, की पोलिश भाषेत राजाला शब्दच त्याच्या नावावरून आला. इंग्रजीत मात्र त्याच मुळातला शब्द अडाणी माणसाला हिणवायला वापरतात.

बाबा मला भेटायला आले होते, तेव्हा ट्रेनमध्ये मी त्यांना हे सांगितलं. ते खूश झाले.

"इकडे राजा, तिकडे गावंढळ. म्हणजे मोठेपणा लोकांनी मागून चिकटवलेला. तेव्हा माहीत असतं तर पत्रकातच घातलं असतं."

आम्ही सिडनीच्याच स्कोफिल्ड्स उपनगरात खोली बघायला चाललो होतो. माझी आधीची जागा सुटत होती आणि दुसरी मिळत नव्हती. ही खोली एका मराठी घरातली. माझ्या वर्गातली मैत्रीण आठवड्यापूर्वी तीच बघून आली होती. तिचं आडनाव ऐकल्यावर खोली गेली असं तिला सांगितलं, पण जाहिरात तशीच होती. जाऊन जाब विचारते, असं मी तिला म्हटलं होतं.

घरच्या काकूंनी चहा दिला. मग विचारलं, "आडनाव काय म्हणालात?"

"आम्ही लावत नाही," मी म्हणाले.

"नो वरीज. पण असेल ना काहीतरी? किचन एकच आहे, म्हणून विचारते गं."

माझ्या तोंडाशी कार्ल आला होता. तेवढ्यात बाबांनी आडनाव सांगितलं. हळू, कपाकडे बघत. त्यांच्या तोंडून मी ते पहिल्यांदाच ऐकलं.

काकूंचा चेहरा सैलावला. "मग आधी नाही का सांगायचं? आपल्यातलेच की. फ्रिजचा वरचा कप्पा तुझा."

"काकू, ते आम्ही सोडलंय."

"अगं, सोडलं म्हणून जातंय कुठे?" म्हणत त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली.

मैत्रिणीचा विषय मी काढला नाही. मूठ मिटली.

स्टेशनवर बाबांनी परतीच्या ट्रेनची वेळ बघितली. मग म्हणाले, "पत्रक लिहिलं तेव्हा मला राहायला घर होतं." मला त्यांची लाज वाटत होती, आणि खिशातली किल्ली मांडीला टोचत होती.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीनं विचारलं, "मग? काय म्हणाल्या?"

"मला दिली खोली."

ती म्हणाली, "म्हणजे तुझं आडनाव निघालं तर शेवटी."

सामान हलवायला ती शनिवारी गाडी आणणार होती. ती आली नाही. मीही फोन केला नाही. बाबा आणि मी बॅगा ओढत ट्रेननेच गेलो.