पासवर्ड मी दिला नाही

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तो माझ्या कामासाठी. आमच्या एकोडीत दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते, आजूबाजूच्या गावांतही भरते, आणि मंडई म्हटली की रात्री नाटक झालंच पाहिजे. या नाटकांच्या लेखकांपैकी बरेच जण अजूनही हातानेच लिहितात. त्यांचं लिखाण टाइप करून द्यायचं, एकेका पात्राची पानं वेगळी काढायची, पोस्टर तयार करायचं, हे काम मी लग्नाआधी साकोलीला शिकले होते. लग्नानंतर तेच घरी सुरू केलं. पुढच्या खोलीत खिडकीजवळ टेबल मांडलं आणि धान कापणीच्या दिवसांतही रोज थोडा वेळ मी तिथे बसायचेच.

पण टेबल पुढच्या खोलीत होतं, आणि पुढची खोली पुरुषांची. माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन घरी आले होते. त्यांचा संसार आणि आमचा संसार एकाच अंगणात. दुपारी जेवण झालं की ते येऊन माझ्या खुर्चीत बसत. ते बसले की मी डोक्यावर पदर घेऊन आत जायचे. धाकट्या सुनेने भासऱ्यांशी सरळ बोलायचं नाही, हे मला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलेलं होतं. काही सांगायचं असलं तर नवऱ्याकडून नाही तर जाऊबाईंकडून सांगायचं. मधेच काम आलं तरी ते उठेपर्यंत मी थांबायचे. माझ्याच टेबलाची मी पाहुणी होते.

त्या दुपारी मी अंगणात धान वाळत घालत होते. आतून सायरनसारखा आवाज आला आणि एक बाई मोठमोठ्याने इंग्रजीत बोलायला लागली. मी हात झटकून आत गेले. पडदा लालभडक झाला होता. कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला आहे, मशीन बंद करू नका, ताबडतोब या नंबरवर फोन करा, असं त्यावर लिहिलेलं. भासऱ्यांना एक जुना हिंदी सिनेमा फुकटात पाहायचा होता आणि कुठल्याशा साइटवरचं हिरवं मोठं बटण त्यांनी दाबलं होतं. आता फोन त्यांच्या कानाला होता. पलीकडचा माणूस गोड हिंदीत सांगत होता की घाबरू नका अंकल, मी सांगतो ते टाइप करा, मी इथूनच सगळं दुरुस्त करून देतो. भासऱ्यांचं बोट कीबोर्डवर एकेक अक्षर शोधत होतं.

"भाऊजी, फोन ठेवा," मी म्हटलं.

इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी सरळ बोललेलं ते पहिलं वाक्य. त्यांनी हाताने मला गप्प राहायची खूण केली. मग मी वाकून भिंतीतला प्लगच ओढला. पडदा काळा झाला, बाई गप्प झाली. फोनवरचा माणूस मात्र हॅलो हॅलो करत राहिला, तो फोन भासऱ्यांनी बऱ्याच वेळाने बंद केला.

संध्याकाळी त्यांनी माझ्या नवऱ्याला अंगणात बोलावलं. मी चुलीपाशी होते, सगळं ऐकू येत होतं. ते म्हणाले, "तुझ्या बायकोनं चालू मशीनचा प्लग ओढला. तो माणूस दुरुस्त करून राहिला होता. आता बिघडली तर तिच्यामुळं." नवरा हो म्हणाला. मोठ्या भावाला त्याने आयुष्यात कधी नाही म्हटलेलं मी पाहिलं नव्हतं.

मशीन सुरू झालं, पण ते माझं राहिलं नव्हतं. काही शोधायला जावं तर भलतंच पान उघडायचं. कोपऱ्यात सारख्या जाहिराती उगवायच्या, त्यातल्या काही तर कुठल्याही बाईने मान फिरवावी अशा. मी कधी न टाकलेले दोन प्रोग्राम, कॉम्प्युटर साफ करून देतो म्हणणारे, आपोआप सुरू व्हायचे. आणि लाखांदूरकडच्या एका नाटक मंडळीचं नाटक अर्धं टाइप होऊन आत पडलं होतं. तालमीत झालेले सगळे बदल त्याच फाइलमध्ये होते. एक प्रत माझ्या पेन ड्राइव्हवर असायची, पण तो पेन ड्राइव्ह त्या दुपारी मशीनलाच लावलेला होता. त्याच्यावर भरवसा ठेवायचा की नाही, तेही कळत नव्हतं.

घरात ठरलं की साकोलीच्या दुकानात न्यायचं, जिथून घेतलं तिथे. मी डबा, म्हणजे सीपीयू, गोणपाटात गुंडाळला आणि नवरा व मी एसटीने गेलो. दुकानदाराने तो लावून पाहिला आणि लगेच सांगितलं, फॉरमॅट मारावं लागेल, आतलं सगळं जाईल. वर एक अँटीव्हायरस टाकून देतो, आयुष्यभर चालणारा, त्याची किल्ली आपल्याजवळ आहे.

तो बोलत असताना मी पडद्याकडे पाहत होते. विंडोजचं स्वतःचं संरक्षण बंद आहे, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं होतं. हे कोणी बंद केलं, मी विचारलं. तो हसला. पोस्टरचं जे सॉफ्टवेअर त्याने मला टाकून दिलं होतं ते चोरीचं होतं, आणि संरक्षण चालू ठेवलं तर ते चालत नाही, म्हणून त्यानेच पहिल्या दिवशी बंद केलं होतं. म्हणजे मी इतके दिवस दार लावून झोपत होते आणि आतली कडी या माणसाने काढून ठेवलेली होती.

"ताई, सगळ्यांलेच असंच टाकून देतो," तो म्हणाला. "आजपर्यंत कोणी तक्रार नाही केली."

"मी करून राहिली," मी म्हटलं.

मी वायरी काढल्या, डबा परत गोणपाटात घातला. नवरा बाहेर चहा पीत होता. फॉरमॅट करणार नाही, असं मी त्याला सांगितलं. मग दुरुस्त कोण करणार, त्याने विचारलं. मी करणार, मी म्हटलं. बसमध्ये जागा मिळाली, पण डबा मी खाली ठेवला नाही, मांडीवरच घेतला.

मला यातलं फार येत होतं असं नाही. मी मोबाइलवर वाचत गेले, एका ठिकाणी नाही, चार ठिकाणी, आणि चारही ठिकाणी जे सारखं सांगितलेलं असेल तेवढंच करायचं असं ठरवलं. पहिल्यांदा इंटरनेट तोडलं. मोबाइलवरूनच ईमेलचा आणि बँकेचा पासवर्ड बदलला. मग मशीनमध्ये कोणता प्रोग्राम केव्हा आला ते पाहिलं. त्या दुपारी आलेले सगळे एका ओळीत उभे होते, चोर पंगतीला बसावेत तसे. एकेक काढला. एक जाता जाता विचारत होता, खरंच काढायचं का, तुमचा कॉम्प्युटर धोक्यात येईल. मी हो दाबलं. ब्राउझरला चिकटलेली नको ती जोडणी काढली, कोपऱ्यातल्या जाहिरातींना दिलेली परवानगी काढून घेतली. शेवटी दुकानदाराचं चोरीचं सॉफ्टवेअर. तिथे मात्र हात थांबला, कारण माझं पोस्टरचं काम त्याच्यावरच चालत होतं. पण ते ठेवलं तर कडी परत उघडी राहणार. मी तेही काढलं.

मग संरक्षण चालू केलं, आणि विंडोज सुरू व्हायच्या आधीच होणारी व्हायरसची तपासणी लावली. मशीन बंद होऊन पुन्हा उघडलं आणि कासवाच्या गतीने एकेक फाइल पाहायला लागलं. मी तोवर भात टाकला, भाजी चिरली, दर थोड्या वेळाने येऊन पाहत होते. बरंच काही सापडलं आणि गेलं. पेन ड्राइव्हही तपासून घेतला. नाटकाची फाइल उघडली तेव्हा दुसऱ्या अंकातला नायिकेचा भांडणाचा प्रवेश जसाच्या तसा होता. मी तो उभ्याउभ्याच वाचला.

पोस्टरसाठी एक फुकट मिळणारं, पण सरळ बनवणाऱ्यांच्याच साइटवरून घेतलेलं सॉफ्टवेअर शिकायला लागले. पहिलं पोस्टर वाईट झालं. मंडळीचे मॅनेजर म्हणाले, अक्षरं पहिल्यासारखी उठून दिसत नाहीत. मी म्हटलं, दुसरीकडून करून घ्यायचं असेल तर घ्या. त्यांनी माझ्याकडूनच करून घेतलं. तिसरं पोस्टर बरं झालं.

हे सगळं झाल्यावर मी जे केलं, त्याने घर पेटलं. मशीनमध्ये दोन खाती केली. एक माझं, ज्यातून प्रोग्राम टाकता-काढता येतात, त्याला पासवर्ड. दुसरं घरच्यांसाठी, त्यात सगळं पाहता येतं, पण नवीन काही टाकता येत नाही.

दुसऱ्याच दुपारी भासऱ्यांनी अंगणात उभं राहून विचारलं, कोणाला उद्देशून ते सांगायची गरज नव्हती. "घरातल्या वस्तूले कुलूप कायले? मी काय चोर आहे?"

नवरा माझ्याकडे पाहायला लागला, जाऊबाई जमिनीकडे. मी पदर सारखा केला आणि सरळ त्यांच्याकडे पाहून बोलले. "भाऊजी, तुमच्यासाठी वेगळं खातं केलं आहे. सिनेमा पाहा, बातम्या पाहा. नवीन काही टाकायचं असलं तर मले विचारा. पासवर्ड मी देणार नाही."

त्यांनी चप्पल घातली आणि ते चावडीकडे निघून गेले. गावात दोन दिवसांत बोभाटा झाला की अमुक घरच्या धाकट्या सुनेनं भासऱ्याले उलटून उत्तर दिलं. नळावर बाया मला पाहून बोलणं थांबवायच्या. मी भांडं भरून घ्यायचे आणि यायचे. आत नवऱ्याने हळूच म्हटलं, निदान मला तरी पासवर्ड सांगून ठेव. मी त्यालाही सांगितला नाही.

"तुम्ही दादाले नाही म्हणू शकत नाही," मी म्हटलं. "मले म्हणता येते." तो रागावला. तरी मी सांगितला नाही.

भासरे बरेच दिवस पुढच्या खोलीत फिरकले नाहीत. मग एका दुपारी आले, त्यांच्या खात्यातून बातम्या पाहायला बसले. मी आत गेले नाही, बाजूलाच धाग्याने बटणं लावत बसले. थोड्या वेळाने ते म्हणाले, हे पासवर्ड मागून राहिलं. मी उठून वाचलं. व्हिडिओ पाहायला नवीन प्लेअर टाका, असं एक पान सांगत होतं. हे लागत नाही, फसवं आहे, मी म्हटलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ते पान स्वतःच बंद केलं.

मंडईची धामधूम संपल्यावर एकदा जाऊबाई पुढच्या खोलीच्या दारात आल्या. त्यांनी या टेबलाकडे कधी मोकळेपणाने पाहिलेलंही नव्हतं, खुर्चीवर बसणं तर दूरच. त्या म्हणाल्या, "मलेही एक खातं करून दे. माझं वेगळं." त्यांना विणकामाचे व्हिडिओ पाहायचे होते आणि माहेरच्या लग्नाचे फोटो ठेवायचे होते, जे बघून भासऱ्यांनी नावं ठेवलेली त्यांना नको होती. मी खातं तयार केलं, खुर्ची त्यांच्यापुढे सरकवली आणि सांगितलं की पासवर्ड तुम्ही स्वतः टाका, कोणालाच सांगू नका.

"तुलेही नाही?"

"मलेही नाही."

त्या खुर्चीवर टेकल्या, एक बोट कीबोर्डवर धरलं आणि म्हणाल्या, "मग तिकडे पाहा."

मी खिडकीकडे तोंड केलं. मागे एकेक बटण दाबल्याचा आवाज येत राहिला, बराच वेळ.