भीत भीत पुढे जाणाऱ्या सुशीलाबाई

सुशीलाबाईंची आणि माझी पहिली भेट वीसेक वर्षांपूर्वी हिंगणीकडच्या जंगलालगतच्या एका आरोग्य उपकेंद्रात झाली. मी नवखी नर्स आणि त्या निवृत्तीच्या जवळ आलेल्या ज्येष्ठ सिस्टर. मी रुजू झाले त्याच दिवशी शिवारात वाघाने गाय मारल्याची बातमी आली. मी विचारलं, "बाई, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"लागते ना. रोजच लागते," त्या म्हणाल्या आणि औषधांचं कपाट पुसत राहिल्या. दर रविवारी प्रार्थनासभा चालवणाऱ्या बाईंकडून मला वेगळ्या उत्तराची अपेक्षा होती.

बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या सेवेविषयी पुष्कळ जण लिहितील. मी एकाच दुपारविषयी लिहिणार आहे.

त्या आठवड्यातच नाल्यापलीकडच्या गोंड वस्तीवरून सोमा नावाचा तरुण धावत आला. त्याची बायको शांता कालपासून अडली होती. "बाई, सकाळपासून पोटातलं लेकरू हालून नाई राह्यलं," तो म्हणाला. जीप नाल्यापर्यंतच जाई. पुढे तासभराची पायवाट, आणि तीही गाय मारली होती त्याच बाजूने.

बाईंनी पिशवी भरली. डोळे मिटून एवढंच म्हणाल्या, "प्रभू, पाय थरथरतात. थरथरू दे, पण थांबू नको देऊ." मग गावातल्या तिघांना काठ्या आणि रिकामा डबा घेऊन सोबत बोलावलं. "डबा वाजवत चला रे. देवाले साकडं घातलं म्हणून अक्कल घरी ठेवाची नसते."

मी केळझरची, मनातल्या मनात आमच्या गणपतीचा धावा करत चालले होते. अर्ध्या वाटेवर वानरं एकाएकी खेकसायला लागली, वाघ दिसला की खेकसतात तशी. डबा थांबला. समोरचं गवत हललं. बाईंनी माझं मनगट धरलं. त्यांचा तळवा घामाने ओला आणि थंडगार होता. किती वेळ उभे होतो कोण जाणे. कुणाला काही दिसलं नाही. वानरं शांत झाली तेव्हा बाईंनी पहिलं पाऊल टाकलं.

वस्तीवर पोहोचलो आणि थोड्याच वेळात बाळ जन्मलं, ते निळसर, न रडता. बाईंनी त्याची पाठ चोळली, तोंडावर मास्क धरून कितीतरी वेळ श्वास दिला. ते रडलंच नाही. तोवर शांताचा रक्तस्राव सुरू झाला. "बाळाले ठेव. इकडे हात दे," बाई मला म्हणाल्या. त्यांचा आवाज कापत होता, हात मात्र नेमके चालत होते. रक्त थांबलं. शांताला खाटेवर घेऊन, डबा वाजवत आम्ही जीपपर्यंत आलो आणि तिला दवाखान्यात पोहोचवलं. ती वाचली.

दवाखान्याच्या ओट्यावर सोमाने विचारलं, "बाई, माह्यं काही चुकलं का?"

"नाई रे बाबा. तुह्यं काहीच चुकलं नाई."

देवाची इच्छा होती, असं त्या त्याला म्हणाल्या नाहीत. परतताना मी रागानेच विचारलं, "बाई, तुमच्या प्रभूने ऐकलं नाही का?"

"ऐकलं असंल. मले त्याचं उत्तर नाई समजलं. तुले खोटं काऊन सांगू?"

दुसऱ्या दिवशी मी बदलीचा अर्ज लिहून बाईंपुढे ठेवला. त्या जंगलात राहणं माझ्याने होणार नव्हतं. बाईंनी तो वाचून परत दिला आणि समजूत घातली नाही. "शांता घरी आली की आपण तिले पाहून येऊ. मंग देजो." आठवड्याने आम्ही त्याच वाटेने गेलो. वाटभर बाईंचे ओठ प्रार्थनेत हलत होते. शांता दारात बसली होती. "तुमी पुन्हा यान असं नव्हतं वाटलं," ती म्हणाली आणि बाईंच्या कुशीत रडली. बाई दुपारभर तिच्याजवळ बसून राहिल्या. अर्ज मी दिला नाही.

पुढे मी त्यांच्या प्रार्थनासभेत मागे बसू लागले. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री बागेत प्रभूसुद्धा मरणाच्या भीतीने व्याकूळ झाला होता, त्याने ते लपवलं नाही, हे बाई वारंवार सांगत. "जीव हलका समजला की तो देणारा देवही हलका होते," असं म्हणत. भीती म्हणजे अविश्वास नव्हे, एवढं मला त्यांच्यामुळे कळलं.

परवा नाचणगावला त्यांच्या घरी गेले होते. बाईंच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं आहे. त्यांनी चहा पुढे केला. "भेव लागून राह्यलं, पोरी. त्या दिवशी येजो," त्या म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे आजवर कधी काही मागितलं नव्हतं.

हा ग्रंथ तुमच्या हाती येईल तेव्हा ते ऑपरेशन होऊन गेलेलं असेल. लिहिताना मला काहीच माहीत नाही, आणि मी फार घाबरले आहे. बाईंना निरोगी आणि दीर्घ आयुष्य लाभो, असं तुम्हा सर्वांबरोबर मीही मागते. त्यांना सोमवारी सकाळी सातला आत नेणार आहेत. मी सहालाच तिथे असेन.