डाव्या बाजूचा अंदाज

बायको गेली त्या दिवशी मडकं पोरीनं धरलं. मीच धरायला लावलं. आम्हाला ती एकच. भाऊबंद म्हणत होते, नवरा जिवंत आहे, त्यानं अग्नी द्यावा, नाहीतर पुतण्यानं द्यावा. मी म्हटलं, "तिच्या मायले पोरगीच अग्नी देईन." तेव्हा मला ते मोठं काम वाटलं होतं. पण आमच्याकडे ज्यानं अग्नी दिला त्यानं तेरवीपर्यंत, तेरा दिवस, घर सोडायचं नसतं, आणि पोरीच्या टीमचं विमान अकराव्या दिवशी होतं. सरणाजवळ हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही. माझ्या तर नाहीच.

पोरगी देशाच्या महिला फुटबॉल टीममध्ये होती. डाव्या बाजूची बॅक, म्हणजे त्या बाजूनं येणाऱ्यांना अडवणारी. आशियातल्या देशांची मोठी स्पर्धा परदेशात होती आणि आपल्या पोरी लई मेहनतीनं तिथवर पोचल्या होत्या. माय गेली म्हणून कॅम्पमधून तिला पाच दिवसांची सुट्टी मिळाली. कोचबाई फोनवर रडली म्हणे. पण तिनं हेही सांगितलं, सहाव्या दिवशी आली नाहीस तर तुझ्या जागी दुसरी घ्यावी लागेल.

आता माझं सांगतो. मी वरूडकडचा. शाळा चौथीपर्यंत. पन्नास वर्षं मी लोकांचे संत्र्याचे बगीचे पाहत आलो. आमच्याकडे फळ झाडावर असतानाच सौदा होतो. व्यापारीही मला बोलवायचा आणि मालकही. मी बगीच्यातून एक चक्कर मारायचो आणि सांगायचो, किती फळ निघेल, किती गळेल, किती बारीक राहील. रस्त्याकडच्या ओळी कोणीही सजवून ठेवतो. मी मधल्या ओळींत घुसायचो, खाली बसून झाडाच्या पोटात पाहायचो. आणि जे दिसेल ते तोंडावर सांगायचो. "तुह्या बगीच्यात दम नाही" असं मालकाला त्याच्याच ओसरीवर सांगून चहा न पिता उठून आलो आहे. लोकांना राग यायचा. पुढल्या बहाराला तेच लोक परत बोलवायचे.

फुटबॉलही मी तसाच पाहायला शिकलो. पोरगी अकोल्याला मामाकडे राहून शिकली. माझा साळा स्वतः खेळलेला माणूस, गुडघा गेला तरी मैदान सुटलं नाही. त्यानंच तिला उभं केलं. ती मोठ्या टीममध्ये गेल्यावर आम्ही नवरा-बायको फोन पिठाच्या डब्याला टेकवून एकूण एक मॅच पाहायचो. बायको फक्त पोरीला पाहायची. बॉल कुठंही असो, ही म्हणायची, "पाय मुरगळला काय वं तिचा?" मी बाकीच्या दहा जणींना पाहायचो. सत्तर मिनिटं झाली की कोण कमरेवर हात ठेवते, बॉल गेल्यावर कोण मागं धावते, कोण नुसती चालते. बायको चिडायची. "पोट्टीची मॅच बी बगीच्यासारखी पाह्यते हा मानूस."

शेवटचं दीड वर्ष तिचं किडनीत गेलं. आठवड्यातून दोनदा अमरावतीचा दवाखाना. एकदा बसमध्ये तिनं विचारलं, "स्पर्धेपावतर जगीन ना मी?" मी म्हटलं, "मले दवाखान्यातलं कळत नाही." तिला 'हो' म्हणायला माझं काय जात होतं? पण म्हटलं नाही. स्पर्धेच्या अडीच आठवडे आधी ती गेली.

चौथ्या दिवशी दुपारी आम्ही चौघं ओसरीवर बसलो होतो. मी, माझी थोरली बहीण, साळा आणि पोरगी. साळ्यानं विषय काढला.

"भाऊजी, दहाव्याले तुमी बसा. मी भटजीले विचारून आलो, नवरा बसला तं चालते म्हने. पोरगी उद्या निघते."

बहीण खवळली. "अन् तेरवीले चार लोकं काय म्हनतीन? मायले आग लावली अन् बॉल खेळाले गेली?"

"अक्का, देशासाठी खेळून राह्यली ते."

"देशाले अकरा जनी भेटतीन. मायले एकच होती."

"अकरा नाही अक्का, पंचवीस-सव्वीस जनी नेतात."

"मंग तं अजूनच बरं! एक कमी झाली तं कोनाले समजते?"

साळा हसला आणि लगेच गप्प झाला. सुतकाच्या घरात हसलो म्हणून असेल. पोरगी एवढा वेळ खांबाला टेकून नखं पाहत होती. ती उठली, फोन घेऊन माझ्याजवळ येऊन बसली.

"बा, तूच सांग आता. अन् खरं सांगजो. आमचं काही जमन का तथी? एक मॅच बी निघत असन तं मी जातो. गटातल्या तिन्ही मॅच हारूनच यावं लागन तं मायचे दिवस सोडून कायले जाऊ?"

दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, अंदाजावर काय जाते, तुझं मन सांगेल तसं कर. पण ती माझी पोर आहे. लहानपणी माझ्या मागं मागं बगीच्यातून फिरलेली. माझा शब्द म्हणजे तोललेला माल, असं तिला वाटायचं.

तिनं शेवटची सराव मॅच लावली. परदेशातल्याच एका टीमसोबतची. पूर्ण पाहिली आम्ही. चहा गार झाला. मॅच संपल्यावर मी सांगत गेलो.

"गोलकीपर हाताची चांगली हाये, पन ठेंगनी हाये. वरून आलेला बॉल तिच्या हाती लागत नाही, अन् तुमच्या गटातल्या दोन टीम वरूनच मारतात. पुढं गोल करनारी एकच. तिले दोघींनी घेरलं का तुमचं दुकान बंद. मधातल्या दोघी पयल्या अर्ध्यात धावतात, दुसऱ्यात पाह्यत राह्यतात. तगड्या टीमसोबत तुमी खेळल्याच किती? दोन वर्षांत कोच किती बदलले? कलम दरसाली उपटून नव्या जागी लावलं तं फळ धरन काय?"

साळा मान खाली घालून ऐकत होता. यातलं एकही खोटं नव्हतं, त्यालाही माहीत होतं.

"अन् शेवटच्या वीस मिनिटांत डावीकडून फाटते," मी म्हटलं.

"डावीकडं तं मी हावो," पोरगी म्हणाली.

"तू असली तं काय अन् नसली तं काय. तिन्ही हारसान."

बहिणीनंसुद्धा माझ्याकडं पाहिलं.

मला काय दिसलं होतं ते आता लिहितो. त्या मॅचमध्ये पोरीला साठाव्या मिनिटाला बाहेर घेतलं होतं. तोपर्यंत डावी बाजू बंद होती. पलीकडची उंच पोरगी तिथून तीन-चारदा घुसायला गेली आणि दरवेळी आमचीनं तिला रेघेबाहेर नेऊन सोडली. फाटलं ते आमची बाहेर गेल्यावर. साठाव्या मिनिटापर्यंतचं एक आणि नंतरचं एक, असे दोन बगीचे होते ते. आंधळ्यालाही दिसलं असतं. मी दोन्ही एकच करून सांगितले. पोरीनंही तेच पाहिलं होतं, पण स्वतःच्या डोळ्यांपेक्षा तिचा भरोसा माझ्या शब्दावर होता.

पोरगी आत गेली. दारामागं ती कोचबाईशी बोलत होती. "हो मॅडम... नाही, ठरलं... मीच दिला होता ना अग्नी... सॉरी मॅडम." एवढंच ऐकू आलं.

साळा चपला घालून उभा राहिला. म्हटलं, जेवून जा. तो म्हणाला, "भाऊजी, पन्नास वर्षांत आज पयल्यांदा तुमी बगीचा बाहेरून पाह्यला." आणि अकोल्याच्या गाडीला निघून गेला. दहाव्याला आला, तेरवीला आला, माझ्याशी बोलला नाही.

पोरगी दहाव्याला बसली. पिंड तिनंच ठेवले. सकाळी उठून अंगण झाडायची, मला माझ्या बीपीच्या गोळ्या द्यायची, भाकरी टाकायची. बायको गेल्यापासून घरात पाऊल टाकवत नव्हतं, पण स्वयंपाकघरात भांडं वाजलं की मला बरं वाटायचं. हे लिहायची लाज वाटते. तरी वाटायचं. अकराव्या दिवशी विमान गेलं तेव्हा ती मागच्या अंगणात गोधड्या धूत होती. मी मुद्दाम तिकडं गेलो नाही.

तेरवीनंतर चार दिवसांनी पहिली मॅच होती. दुपारची. फोन डब्याला टेकवला. बायकोच्या जागी पोरगी बसली.

माझा अंदाज होता, अर्ध्या वेळेच्या आतच आपल्यावर दोन गोल बसतील. बसले नाहीत. आपल्या पोरी जिवावर उदार होऊन खेळल्या. ठेंगण्या गोलकीपरनं एक बॉल असा उडून काढला की मी जागच्या जागी उसळलो. अर्धा वेळ झाला, बरोबरी. सत्तर मिनिटं झाली, बरोबरी. पोरीच्या जागी घेतलेली नवीन पोरगी चांगली होती, पण मोठ्या मैदानाची नव्हती. ती दम खाऊन खेळत होती आणि तिला परत मागं यायला उशीर होत होता.

"आत ये," पोरगी फोनला म्हणाली. "बॉल नोको पाहू, मानूस पाह्य. आत ये नं वं."

शेवटची सात-आठ मिनिटं राहिली होती. बॉल त्याच कोपऱ्यातून आला. नवीन पोरगी दोन पावलं बाहेर होती. फक्त दोन. तिच्या मागून एक उंच पोरगी घुसली आणि गोल झाला.

त्या एका गोलनं हरलो. शिट्टी वाजेपर्यंत पोरीनं पाहिलं. आपल्या पोरी गवतावर बसल्या होत्या, ती नवीन पोरगी तोंड झाकून होती. मग आमचीनं फोन बंद केला.

मला गप्प राहता आलं असतं. माझा अंदाज बरोबरच निघाला होता, एक मॅच तरी. पण बोललो.

"त्या दिवशी डाव्या बाजूचं मी खोटं बोललो."

"काहून?"

"घर रिकामं झालं होतं."

तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. बगीच्यात मी जसा झाडाच्या पोटात पाहायचो तसं.

"राह्य म्हनलं असतं तं राह्यली असती बा," ती म्हणाली. "रडला असता तरी राह्यली असती. मी चांगली खेळत नाही असं काहून सांगितलं? तुह्यावर भरोसा ठेवून मी ते खरं मानलं. पंधरा दिवस झाले, मले वाटून राह्यलं, मामानं अन् मॅडमनं उगाच चढवलं मले."



दुसऱ्या दिवशी ती मामाकडं गेली. टीम पुढच्या दोन्ही मॅच हरली. त्या मी एकट्यानं पाहिल्या. ओसरीवरचं माझं बोलणं बहिणीनं गावभर केलं होतं; वरूडच्या मंडीत एक-दोघं म्हणाले, बुढा म्हने तिन्ही हारतीन, तिन्ही हारल्या, नजर हाये बुढ्याची. मी माझी पिशवी उचलून घरी आलो.

ती अकोल्यात शाळेच्या पोरींना शिकवते. पुढच्या कॅम्पला तिचं नाव आलं नाही. साळा आता बोलतो; तो सांगतो, पाय अजून तोच आहे, पण बॉलवर जायच्या आधी थांबते, अंगावर घेत नाही. तो असा सांगतो की जणू हवापाण्याचं बोलून राहिला. रोज संध्याकाळी तिचा फोन येतो. जेवला काय, गोळी घेतली काय, अमरावतीले बीपी दाखवाले कधी जातं. मॅचचं मी एक-दोनदा काढून पाहिलं. ती म्हणते, "राहू दे बा," आणि परत गोळ्यांचं विचारते.