उन्हातली पंधरा मिनिटं

ताईचं लग्न मोडल्याचा निरोप मंगळवारी आला.

तिच्या पोटरीवर कोडाचा एक डाग होता. साठ सालाच्या आसपास नागपूरचा एक डॉक्टर कोडावर संशोधन करत महिन्यातून एकदा घाटंजीला यायचा. पेन्सिलीचं टोक जिभेला लावून तो तेलकट कागदावर डागाची कड गिरवायचा आणि मागच्या महिन्याच्या कागदाशी ताडून पाहायचा. ताईच्या चेहऱ्याकडे त्याने कधी पाहिलं नाही.

बावचीचं तेल लावून रोज पंधरा मिनिटं उन्हात बसायचं, हा त्याचा उपाय. ऊन फक्त अंगणात यायचं, आणि अंगणाला कुंपण होतं ते पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचं, विरळ.

"पोरीले अशी उघड्यावर कायले बसवता, डॉक्टरसाहेब? रस्त्यानं लोक पाहून राह्यले," आई म्हणाली.

"बाई, बावची उन्हाशिवाय काम करत नाही."

कुणीतरी पाहिलं आणि मुलाकडच्यांना जाऊन महारोग म्हणून सांगितलं. पुढच्या खेपेला मी डॉक्टरकडे चिठ्ठी मागितली. हा महारोग नाही, असं त्याने स्वच्छ अक्षरात लिहून दिलं. मग कागद पाहत म्हणाला, "डाग कमी होतोय. आता लपवायचं काही राहिलं नाही, तर अर्धा तास बसवा."

तो मनाने वाईट नव्हता, हेच मला अजून सहन होत नाही.

मुलाकडच्यांनी चिठ्ठी न वाचता परत केली. ताई पुन्हा उन्हात बसली नाही. लग्नही झालं नाही. मागच्या पौषात ती तापाने गेली. आता घरात मी एकटा आहे.