ओल्या सारवणावरची कहाणी

खासबागेतल्या बाळाबाईंच्या घरात श्रावणी शुक्रवारची कहाणी कानानं घ्यायची नि तोंडानं द्यायची. मुठीत अक्षता धरून सांगायला लागलं की थांबायचं नाही. कहाणी थांबली तर पूजा मोडली, असा घराचा कुळाचार. थोरली सून बेबी, तिला एकदा ऐकलं की पाठ. धाकटी शेवंता गुंजी गावची. तिच्या कानावरून शब्द ओघळून जात, अळवावरचं पाणी जसं. पण डोळ्यांनी पाहिलेलं ती विसरत नसे. गुंजीच्या रानातली पायवाट न् पायवाट मातीत काढून दाखवी.

दोन शुक्रवार तिनं पूजा मोडली होती. आज सकाळीच सासूबाईंनी बजावलं, "आज अडलीस तर बोचकं बांध. पाठ झाल्याबिगर या दारात यायचं न्हाय." मागल्या गल्लीतली अशीच माहेरी धाडलेली सून परतली नव्हती.

शेवंतानं तांबडं फुटताच देवीपुढं रांगोळी काढून ठेवली होती. आटलेली विहीर, केतकीचं बन, लंगडा मोर, राणीची पालखी. सगळी कहाणीच, बघत बघत सांगता येईल अशी.

"शेवंते, रांगोळी हाय का जत्रा गं?" बेबी हसली होती.

न्हाऊन आली, तर जमीन कोरी!

"मांजर फिरलं गं त्यावरनं," सासूबाई हात धूत म्हणाल्या. "देवीपुढं इटाळ नको, म्हणून मीच सारवलं."

तोवर शेजारणी येऊन बसल्या. शेवंतानं मूठ मिटली नि सुरुवात केली. राजा झाला, राणी झाली, राणी तहानेनं वणवण फिरली... आणि पुढं? 'फिरली' हाच शब्द ती लांबवत राहिली. सासूबाईंची नजर तिच्या मुठीवर. शेवंतानं मनातल्या मनात देवीचे पाय धरले.

बोट आपसूक ओल्या सारवणात गेलं. गोल फिरलं. विहीर! नि पुढचे शब्द तोंडी आले.

"अगं, देवीपुढच्या सारवणावर बोट वढतीस?" एक शेजारीण ओरडली.

बोट उचलावं तर कहाणी थांबणार. शेवंतानं उचललं नाही. बन उमटलं, मोर उमटला, पालखी दारी आली, कहाणी सुफळ झाली. अक्षता देवीच्या पायी पडल्या.

बाळाबाई उठल्या, आत गेल्या. शेवंताला वाटलं, बोचकंच आणतात.

आल्या त्या रांगोळीची वाटी घेऊन. खाली बसून विहिरीच्या ओल्या रेघेत रांगोळी भरू लागल्या.

"एवढी वर्सं सांगितली," त्या मान वर न करता म्हणाल्या, "पर मोराचा कुठला पाय लंगडा, ते मला कधी दिसलंच न्हाय बग. कुठला गं?"