धाकटीचा हातगुण

माझी धाकटी जाऊ दाताच्या दवाखान्यात नंबर पुकारते. दिवसभर कण्हणारी माणसं बघूनही संध्याकाळी हसत घरी येते, हाच मुळी माझ्या डोक्यात जाणारा प्रकार. चपला एक इकडे, एक तिकडे. भांडी घासली तर बुडाला साबण तसाच. तरी तिनं वाळकी काठी रोवली तरी पालवी फुटेल, असं सगळं घर म्हणतं. मी घरी शिवणकाम करते, टाका सूतभर हलू देत नाही, त्याचं कौतुक कुणाला नाही. मी जळते तिच्यावर. सांगून टाकलेलं बरं.

परसात आमचे दोन वाफे आहेत. नळाजवळचा माझा, कुंपणालगतच्या कोपऱ्यातला तिचा. दोन्हीत लसूण. बेणं सासूबाईंचं, तीस वर्षं जपलेलं. लावणीच्या आदल्या दिवशी त्या गड्डे फोडतात, पाकळ्या दोन जाड पिशव्यांत भरतात आणि पिशव्यांची तोंडं शिवून टाकतात. कुणाला काय मिळालं यावरून कुरबूर नको म्हणून. कोपऱ्यात खुणेचा टाका असतो. लाल माझा, हिरवा तिचा. धाकटी सकाळी लवकर लावणी उरकून कामावर पळते, त्यामुळे तिच्या पिशवीतून काय निघतं ते मी कधी पाहिलेलं नव्हतं.

पाच वर्षं तिचे गड्डे मुठीत मावत नव्हते आणि माझे गोटीएवढे. "हातगुण असतो गं एकेकीचा," सासूबाई म्हणायच्या. मी मनात म्हणायचे, हातगुण कसला, मोठ्या पाकळ्या लाडक्या सुनेला जातात.

यंदा सासूबाईंनी जाहीर केलं, "माझे डोळे आता साथ देत नाहीत. जिचा लसूण उजवा निघेल, तिनं यापुढे बेणं सांभाळायचं."

थोरली मी. या घरात बावीस वर्षं राबतेय. ते बेणं माझ्याकडे यायला हवं होतं, आणि माझ्या डोळ्यांदेखत ते त्या विसराळूच्या हाती जाणार होतं.

लावणीच्या आदल्या दुपारी सासूबाईंचा डोळा लागला. मी कात्रीच्या टोकानं दोन्ही खुणेचे टाके उसवले. हिरव्याच्या जागी लाल घातला, लालच्या जागी हिरवा. बोटांनी कापडाचा कस ओळखणारी मी, पण पिशवी चाचपून पाहायचं सुचलं नाही. खात्रीच होती ना!

दुसऱ्या दिवशी वाफ्यापाशी पिशवी उघडली, तर आत बारक्या पाकळ्या. दरवर्षीसारख्याच. म्हणजे तिलाही असल्याच मिळत होत्या? आणि त्यातून ती एवढे गड्डे काढत होती? आजवर जळायला निदान कारण तरी होतं. आता तेही उरलं नाही, आणि जळफळाट मात्र दुप्पट झाला.

त्या हंगामात मी वाफ्याची जी सेवा केली, ती पोटच्या पोरांचीही केली नसेल. तण दिसलं की उपट, माती घट्ट झाली की उकर. धाकटी आठवड्यातून दोनदा पाणी शिंपडायची आणि गुणगुणत निघून जायची.

पाती पिवळी पडली. लसूण उपटला. तिचे गड्डे टपोरे, माझे पुन्हा गोट्या.

सासूबाईंनी दोन्ही ढीग चाचपले. बराच वेळ.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं मोठ्या पाकळ्या मी धाकटीच्या पिशवीत घालत होते. नवी आलेली पोर, तिचं या घरात काहीतरी रुजावं म्हणून. यंदा त्या तुला घातल्या, थोरले. बेणं तुझ्याकडेच जावं असं मनात होतं माझ्या. पण हातगुण तो हातगुणच म्हणायचा. धाकटे, उचल टोपली."

धाकटी लाजून हसली.

गप्प बसले असते तर अब्रू राहिली असती. पण ते हसू मला सोसवेना.

"हातगुण कसला डोंबलाचा!" मी ओरडले. "पिशव्यांच्या खुणा मी बदलल्या! तिच्या वाफ्यात माझ्या पाकळ्या आहेत, माझ्या!"

धाकटीचं हसू मावळलं. "म्हणजे आई, एवढी वर्षं माझं काहीच नव्हतं? आणि यंदा तुम्ही ताईंसाठी निवडून ठेवल्या होत्या?" तिनं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखते. पाच वर्षं माझ्याच डोळ्यांत होती.

सासूबाईंनी टोपली धाकटीकडे सरकवली. ती उचलून आत गेली, पण गुणगुणली नाही. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

मग ध्यानात आलं. नीट दिसत नसताना, बोटांनी चाचपत, एकेक मोठी पाकळी कुणीतरी माझ्यासाठी बाजूला काढली होती. आणि त्या पिशवीवर मी हिरवा टाका घातला होता.