आगबोटीतून आलेली गाठ

जिनिंगमध्ये दिवसभर राबलं की नाकाकानात रुई जाते. घरी येऊन कितीही झटका, थोडी राहतेच. कापसाच्या गाठी बांधणाऱ्या आमच्या देवळीच्या प्रेसचे किस्सेही असेच अंगाला चिकटलेत राजेहो. झटकायचाही कंटाळा येतो आता.

सत्तरचं दशक सरत आलं होतं आणि प्रेस बंद पडायच्या बेतात होती. अशात मुंबईचा एक कंत्राटदार आला. आमच्या आज्यांच्या काळात कापसाच्या गाठी घेऊन निघालेली आगबोट कोकणाजवळ बुडाली होती, तिचा माल तो पाणबुडे लावून काढत होता. गाठींवर पितळी बिल्ला आमच्याच प्रेसचा!

"एक गाठ उघडून दाखवा. आतून चांगली निघाली तर सगळ्या साफ करून पुन्हा बांधायला इथंच पाठवतो," तो म्हणाला. म्हणजे आमची उन्हाळ्याची रोजी त्या एका गाठीवर.

* * *

गाठ उतरवून आवारात ठेवली. चहा पिऊन येतो तर गावातल्या गाई-म्हशी तिच्याभोवती! समुद्राचं मीठ चाटत होत्या. हाकलून हाकलून जीव गेला.

चौकीदार बसल्या जागेवरून म्हणतो, "काऊन हाकलता जी? फुकटात साफ करून राह्यल्या!"

* * *

प्रत ठरवणाऱ्या सरकारी ग्रेडरसाहेबांना कापूस दिसला की बोट खुपसायची सवय. इथंही खुपसलं.

"ओलावा जास्त आहे. वाळवून आणा!"

"साहेब, समुद्रातून आली ती!"

"मग? नियम सगळ्यांना सारखा!"

* * *

गाठी बांधणाऱ्या मजुरांवरचे आमचे जमादार गुलाबराव. त्यांचे आजोबाही इथलेच जमादार. कोणाच्या कापसात खडा सापडला की गुलाबराव गरजायचे, "माह्या आज्याच्या गाठीत कधी खडा नाई निघाला!" ऐकून ऐकून कान किटले होते.

त्यांच्या डब्यातली चटणी मात्र कायम जाडीभरडी. घरी पाटा होता, वरवंटा नव्हता. आजीच्या तरुणपणीच तो चोरीला गेला. तिनं हट्टानं दुसरा घेतला नाही, नदीतल्या गोट्यानं वाटत राहिली आणि मरेपर्यंत त्या चोराला शिव्या देत राहिली. पुढं घरात तीच रीत पडली.

* * *

गाठ उघडायचा दिवस आला. पट्ट्या तोडल्या. वरची रुई काळी, घाण वास! थर काढता काढता हात भरून आले. अन् एकदम आत पांढरीशुभ्र रुई!

"पाठवतो बाकीच्या!" कंत्राटदार म्हणाला. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

गुलाबरावांची छाती फुगली. "माह्या आज्याच्या हातची गाठ हाये साहेब! मधातूनही पाहा न!" म्हणत त्यांनी कोपरापर्यंत हात घातला.

अन् हात तिथंच थांबला.

बाहेर आला तेव्हा हातात वरवंटा होता. दगडी, एका बाजूनं झिजलेला.

"वजन वाढवायला घातला होता काय?" कंत्राटदारानं विचारलं.

गुलाबरावांनी वरवंटा पुसला, दुपट्ट्यात गुंडाळला, सायकलच्या कॅरिअरला बांधला आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी जेवायला बसलो. गुलाबरावांनी डबा उघडला आणि मान वर न करता प्रत्येकाच्या भाकरीवर चटणी वाढली.

एकदम बारीक वाटलेली.